बॅग माझ्याकडे होती

सायकलच्या दुकानात हवा भरणारा माणूस मी,
म्हणून चेंडू माझ्याकडे,
आणि चेंडूमागून आपोआप ती बॅगही:
पाण्याच्या दोन बाटल्या, कापूस, हळदीची पुडी
आणि दुखण्यावर मारायचा स्प्रे,
ज्यातलं औषध मागच्या सालच्या मंडईतच संपलं होतं.
थोडा गॅस तेवढा उरला होता.

धान कापून झालेली बांधी,
धुरे पाडून केलेलं मैदान,
पायाखाली अजून खुंटं.
फायनल. सात हजार एक आणि शिल्ड.
समोर डोंगराकडली आश्रमशाळा,
अकरापैकी सहा अनवाणी.

ती पोरं थांबतच नव्हती.
चेंडू बाहेर गेला की लगेच आत.
फाऊल झाला की शिट्टी विरायच्या आधी लाथ.
आमचा एक चड्डी वर ओढतोय,
एक खर्रा थुंकतोय,
तोवर रैनू पोटावी आमच्या गोलाशी.
"हे काय खेळणं झालं काय बे?" नाकाडे सर ओरडले,
"माणसाले दम तं घेऊ द्या!"
पंच म्हणाले, "दम नियमात नाही, सर.
दम आपापला आणायचा."

आमचा एक गोल होता, सुरुवातीचा, नशिबाचा.
तो सांभाळायला वीस मिनिटं उरली होती.
सरांनी टोपी काढली.

टोपी काढली की लोमेश पडायचा, असं ठरलेलं.
पोटरी धरून, तोंड वाकडं करून,
आणि मी बॅग घेऊन धावत जायचो.
धावत म्हणजे चालत. घाई नको, सरांनी सांगितलं होतं.
खाली बसायचं, डबा हलवायचा, दाबायचा.
फुस्स.
खोट्या दुखण्यावर खोटं औषध;
हिशेब बरोबर बसतो, असं तेव्हा वाटलं.

ट्यूबमधली गळती मी पाण्यात बुडवून शोधतो.
बुडबुडे खोटं बोलत नाहीत.
पोराला कुठं बुडवणार?

चौथ्यांदा लोमेश पडला
तेव्हा चेंडू रैनूच्या पायात होता,
पुढं फक्त आमचा गोलकीपर, तोही वाकलेला.
रैनू थांबला.
त्यानं चेंडू स्वतःच बाहेर मारला,
माझ्या आधी येऊन पोहोचला,
लोमेशचा पाय आपल्या मांडीवर घेतला,
बोटं मागं वाकवली. "ढिला सोड, दादा. ढिला."
लोमेशची पोटरी मऊ होती, पिकल्या पपईसारखी.
गोळा नव्हताच.
त्याच्या अंगठ्याला हे कळलं असणार.
तरी तो चोळत राहिला.
लोमेश त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.
मी डब्याकडे.

एक-शून्य. गुलाल, डीजे.
"निसते पाय नाही, डोकंही लागते," सर म्हणाले.

तसं पाहिलं तर त्यांनीही आम्हाला
श्वास घेऊ दिला नव्हता.
दमलेल्याला पळवून हरवणं, यात कसली दया?
हे मी स्वतःला सांगून पाहिलं,
दुसऱ्या दिवशी एका चाकात हवा भरताना.
हवा राहिली. सांगितलेलं राहिलं नाही.

कारण त्या संध्याकाळी
सगळे शिल्डसोबत फोटो काढत होते तेव्हा
रैनू माझ्याजवळ आला होता.
खुंटानं अंगठ्याचं नख अर्धं उचललेलं.
मी पाणी ओतलं, हळद दाबली.
तो ओठ मिटून उभा. आवाज नाही, तोंड वाकडं नाही.
मग बॅगेकडे बोट केलं,
"काका, ते मलेही मारा ना थोडं.
मी कधी मारून नाही पाहिलं."

मी डबा हलवला.
दाबला.
आता गॅसही नव्हता.
पन्नाशीला आलेला मी,
डबा त्याच्या अंगठ्याशी धरून
तोंडानंच म्हटलं, फुस्स.

त्यानं डोळे मिटले.
"थंड वाटते," म्हणाला,
आणि ट्रॅक्टरकडे पळाला,
एका टाचेवर,
तरी सगळ्यांच्या आधी.